एका छपराखाली विभक्त

शिवणयंत्रं दुरुस्त करणारा एक गृहस्थ आणि रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करणारी त्याची बायको, यांनी सतरा वर्षांच्या संसारानंतर घटस्फोट घ्यायचं ठरवलं. सांगण्यासारखं कारण नव्हतं. मारहाण नव्हती, तिसरं माणूस नव्हतं. एकमेकांचा कंटाळा आला होता आणि कंटाळ्याचा तिरस्कार होण्याआधी थांबावं, एवढंच म्हणणं होतं. हा समंजसपणा त्यांना फार महागात पडला.

वकीलबाईंकडे जाताना त्यांनी प्रश्न कागदावर उतरवून नेले. किती दिवस लागतात? घर कोणाला? मुलगी कोणाकडे? दोघांना मिळून एकच वकील चालतो का?

वकीलबाईंनी कागद पाहिला. "अक्षर कोणाचं?"

"माझं," बायको म्हणाली. "प्रश्न याने सांगितले."

"म्हणजे शेजारी बसून लिहिलंत. हा कागद कोणाला दाखवू नका." मग त्यांनी नियम सांगितला. अर्जाआधी एक वर्ष वेगळं राहणं आवश्यक होतं.

"दुसरं घर परवडत नाही हो," नवरा म्हणाला.

"एका छपराखालीही विभक्त राहता येतं. ते सिद्ध मात्र करावं लागतं."

घराची वाटणी झाली. बाहेरची खोली त्याला, आतली मायलेकींना. शेगडीच्या वेळा ठरल्या, फ्रिजचे कप्पे ठरले. चौदा वर्षांच्या मुलीने दोन रंगांच्या शाईत वेळापत्रक करून दिलं. तू कोणाकडे राहणार, असं विचारल्यावर ती म्हणाली, "मला तुम्ही दोघं न चिडलेले हवे आहात. पत्ता कुठलाही चालेल." हे उत्तर अर्जातल्या कुठल्याच रकान्यात बसेना. वकीलबाईंनी तिथे 'लागू नाही' लिहिलं.

वर्ष सरलं आणि पडताळणी अधिकारी आले. त्या वेळी बायको स्टुलावर चढून दिवा बदलत होती आणि नवरा स्टूल धरून उभा होता. अधिकाऱ्यांनी दारातच प्रपत्र काढून लिहिलं : 'पत्नी स्टुलावर. पती स्टूल धरून. सहकार्य निदर्शनास आले.'

"मग काय पडू देऊ तिला?" नवरा म्हणाला.

"तो तुमचा खाजगी प्रश्न. पडल्या असत्या तर अर्जाला बळकटी आली असती, इतकंच."

अर्ज फेटाळला गेला. वकीलबाई म्हणाल्या, साक्षीदारासमोर एक रीतसर भांडण करा. साक्षीला बायकोच्या चुलतभावाला बोलावलं. तो वही घेऊन बसला. नवऱ्याने भाजीत मीठ कमी असल्याचं सांगून सुरुवात केली, पण भाजी त्यानेच केली होती. मग बायको बोलू लागली आणि ठरलेलं सोडून भलतंच बोलून गेली. "तुझ्या आईच्या आजारपणात मी चार महिने रजा काढली. तू एकदा तरी विचारलंस, तू दमलीस का म्हणून?"

त्याने ताट बाजूला सारलं. "नाही विचारलं. चुकलंच माझं."

चुलतभावाने वही मिटली. "माफी मागितल्यावर भांडण धरत नाहीत, ताई. आता पुढच्या महिन्यात बघू."

पुढच्या महिन्यात दुसऱ्या अर्जाच्या फेरपडताळणीला नवे अधिकारी आले. पत्त्यात 'तिसरा मजला, लिफ्टमधून बाहेर पडल्यावर डावीकडे' असं होतं. लिफ्ट बंद होती. ते जिन्याने आले, आणि जिन्याने येणाऱ्याचं डावं म्हणजे लिफ्टवाल्याचं उजवं. तिथे इमारतीतलं आदर्श जोडपं राहत होतं. लग्नाच्या वाढदिवसाला दोघं एकाच रंगाच्या कपड्यांतला फोटो आणि त्याखाली एकमेकांविषयी बारा ओळी जगाला पाठवत असत.

दार बाईंनी उघडलं. कानात इयरफोन होते.

"तुमचे पती कुठे असतात?"

"ऑफिसात असतील."

पती आतल्या खोलीत मोबाइल बघत बसले होते. अधिकाऱ्यांनी त्यांना विचारलं, "पत्नी आपल्याशी शेवटचं काय बोलल्या?"

"'वायफाय गेलंय का.'" पतींनी मान वर केली नाही. "मंगळवारी असेल."

"आणि आपण काय म्हणालात?"

"मी लाइक केलं."

अधिकाऱ्यांचे डोळे पाणावले. बावीस वर्षांच्या नोकरीत इतकं निर्भेळ विभक्तपण त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांनी प्रत्यक्ष आढळलेल्या व्यक्तींची नावं लिहून सह्या घेतल्या. पतींनी कुरियर समजून सही केली, पत्नींनी गॅसची तपासणी समजून.

आदर्श जोडप्याच्या घरी घटस्फोटाचा हुकूमनामा आला आणि तेवीस दिवस चपलांच्या कपाटावर पडून राहिला. तो आपल्या नावचा नसून जोडीदाराच्या नावचा आहे, असं दोघांनाही वाटलं. चोविसाव्या दिवशी पती तो घेऊन न्यायालयाच्या खिडकीशी गेले. तिथे रांगेत शिवणयंत्रवाला आणि त्याची बायको तिसऱ्यांदा अर्ज करायला उभी होती. दोघांत पाण्याची एकच बाटली होती.

"आम्ही सुखी आहोत," पती कारकुनाला म्हणाले.

"असाल. प्रक्रिया मात्र पूर्ण झाली आहे. रद्द करायचं तर दोघांनी समोरासमोर बसून, चर्चा करून एक अर्ज लिहावा."

"त्यापेक्षा तिला मेसेज करतो." त्यांनी तिथूनच हुकूमनाम्याचा फोटो पाठवला. क्षणात तिकडून अंगठा आला. कारकुनाने तो पत्नीची संमती म्हणून नोंदवून घेतला.

शिवणयंत्रवाल्याचा अर्ज त्या दिवशीही परत आला. कारकुनाने शेरा मारला : 'एकत्र येतात, एकत्र जातात.' घरी पोहोचेपर्यंत दोघं इतकी वैतागली होती की मुलीने भिंतीवरचं वेळापत्रक उतरवून ठेवलं आणि आतल्या खोलीचं दार लावून घेतलं.

खात्याला मात्र एक गोष्ट उमगली : अर्ज करणारे भांडत तरी असतात, नाहीतर बोलत तरी असतात. निर्विवाद प्रकरणं अर्ज न करणाऱ्यांकडेच सापडतात. म्हणून आता अधिकारी दारोदार फिरणार आहेत. प्रपत्र छोटं आहे. पहिलाच प्रश्न असा : जोडीदाराने आज सकाळपासून आपल्याला सांगितलेली एक गोष्ट लिहा. मोबाइल न बघता.

लिहा. अधिकारी थांबले आहेत.