साळूबाईंचे एकोणचाळीस सत्कार

एका जंगलात शनिवार-रविवार होते.

हसू नका, बाळांनो. पूर्वी तिथेही आपले साधे दिवस असायचे. ऊन आलं की दिवस सुरू, ऊन गेलं की संपला. पण जंगलाची प्रगती झाली आणि शनिवार-रविवार आले. आता आलेच आहेत तर त्यांत काहीतरी भरायला हवं, म्हणून परिषदा आल्या.

त्या वर्षीच्या परिषदेचा विषय होता, 'जोडलेल्या जगातील माणुसकी'.

तुमच्यातला तो पुढे बसलेला शहाणा आता विचारणार, जनावरांना माणुसकी कशाला? अरे राजा, माणसांकडे ती नुसती पडून होती. वापरात नव्हती. जनावरांनी उचलून आणली, झटकली आणि तिच्यावर दोन दिवसांची परिषद ठेवली. चहा-जेवणासह.

आणि जग खरोखरच जोडलेलं होतं बरं का. त्या जंगलात एक लांबच लांब वेल होती. तिला म्हणायचे जोडवेल. ती या जंगलातून निघून सात जंगलांत गेली होती. तिच्यावर पोपट बसलेले असायचे. इथल्या पोपटाने काही सांगितलं की तो पुढच्या पोपटाला सांगायचा, तो त्याच्या पुढच्याला. इथे कुणी शिंकलं तर सातव्या जंगलातून 'काळजी घ्या' असा निरोप यायचा. तोवर सर्दी बरी झालेली असायची, ती गोष्ट वेगळी.

परिषदेसाठी माळावर मांडव घातला. एक खांब नेमका अध्यक्षांच्या खुर्चीसमोर येत होता. अध्यक्ष होते गवेसाहेब, वजनाने आणि मानाने मोठे. त्यांचा चेहरा फोटोत झाकला जाऊ नये म्हणून तो खांब उपटून दुसरीकडे रोवला. खड्डा तसाच राहिला. खड्डा बुजवण्यासाठी समिती नेमायची राहून गेली होती.

शनिवारी पहाटे साळूबाई त्या माळावरून घरी चालली होती. साळूबाई म्हणजे साळिंदर. अंगभर काटे, पाय आखूड, स्वभाव गरीब. तोंडात एक रताळं होतं. ओढ्यापलीकडच्या बिळात तिची दोन पिल्लं वाट बघत होती. 'आत्ता येते' म्हणून ती निघाली होती.

ती थेट खड्ड्यात पडली. खड्डा तीन हात खोल. साळूबाईला चढता येईना.

"अहो, कुणी आहे का?" ती ओरडली. "मला वर काढा! पोरं उपाशी आहेत माझी!"

ऊन वर आलं तसं उद्घाटन सुरू झालं. मैनाताई सूत्रसंचालन करत होत्या. त्यांचा आवाज फार गोड होता आणि त्यांना तो फार आवडायचा. त्या खड्ड्याशी आल्या आणि वाकून म्हणाल्या, "बाई, नोंदणी केलीत का?"

"नाही हो. मी पडलेय."

"बरं. मग प्रश्नोत्तरांच्या वेळी बोला. उद्या चार वाजता."

"ती वेल दिसतेय ना तुमच्या डोक्यावर? तिचा नुसता शेंडा खाली सोडा. मी चावून धरते, तुम्ही ओढा."

मैनाताई दचकल्या. "जोडवेल? अहो, तिने सात जंगलं जोडलीत! ती खड्ड्यात सोडली तर जगाशी संपर्क तुटेल."

पण मैनाताई काही दुष्ट नव्हत्या. त्यांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी लगेच पोपटांकरवी सातही जंगलांना कळवलं की आमच्याकडे एक भगिनी खड्ड्यात आहे. दुपारपर्यंत सात जंगलांतून सहानुभूती आली. एका जंगलाने तर दोन मिनिटं शांतताही पाळली. साळूबाई म्हणाली, "मी मेले नाहीये." पण शांतता चालू असल्यामुळे तिला गप्प बसवलं गेलं.

शनिवार असा गेला. साळूबाईने तोंडातलं रताळं खाल्लं नाही. ते तिने काट्यांत अडकवून ठेवलं होतं.

रविवारी मुख्य वक्ते उभे राहिले. हे करकोचे. हिवाळ्यात इकडे, उन्हाळ्यात तिकडे, त्यामुळे जगाविषयी बोलण्याचा अधिकार त्यांच्याकडेच. भाषणाआधी त्यांचा शाल आणि नारळ देऊन सत्कार झाला. करकोच्यांनी शाल बघितली. गळा लांब असल्याने ती नेहमी घसरायची. नारळ तर त्यांना फोडताही येत नव्हता.

मग त्यांचा गळा दाटून आला. "मित्रहो," ते म्हणाले, "या सत्काराचा खरा मान माझा नाही. तो त्या खड्ड्यातल्या भगिनीचा आहे. मी हा सत्कार तिला अर्पण करतो."

आणि त्यांनी शाल आणि नारळ खड्ड्यात टाकले.

मांडवात टाळ्यांचा असा कडकडाट झाला की पोपट वेलीवरून उडाले.

"आई गं!" खड्ड्यातून आवाज आला. नारळ डोक्यात बसला होता.

"भगिनी भावनाविवश झाल्या आहेत," मैनाताईंनी जाहीर केलं.

आता बाळांनो, तुम्ही अशा परिषदेला गेला नसाल. मी गेलोय. जेवण चांगलं असतं. तिथे एकाला एवढ्या टाळ्या मिळाल्या की दुसऱ्याला बसवत नाही. करकोच्यांच्या पाठोपाठ अध्यक्ष गवेसाहेब उठले. त्यांनीही आपला सत्कार अर्पण केला. मग स्वागताध्यक्ष. मग दोन माजी अध्यक्ष, मग भावी अध्यक्ष. मग सात जंगलांचे सात प्रतिनिधी. प्रत्येकाचा आधी सत्कार व्हायचा, कारण सत्कार झाल्याशिवाय तो अर्पण करता येत नाही. मग तो खड्ड्याच्या कडेला यायचा, फोटोसाठी जरा थांबायचा आणि शाल-नारळ आत सोडायचा.

"अहो, मारू नका!" साळूबाई ओरडत होती. "माझी पोरं! कालपासून उपाशी आहेत ती!"

"किती अस्सल अनुभव आहे," करकोचे हळहळले. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. त्यांनी ते पुसलं नाही, कारण फोटो चालू होते.

पहिले पाच-सहा नारळ साळूबाईला लागले. मग ती अंग चोरायला शिकली. नारळ आला की बाजूला व्हायची. तो पडला की त्याच्यावर चढायची. पंधरावा सत्कार झाला तेव्हा तिचं नाक कडेपासून हातभर खाली होतं. पंचविसाव्याला पंजे कडेला लागले, पण निसटले. ती रडली. मग तिने वर बघून विचारलं, "अजून कुणाचा सत्कार राहिलाय का हो?"

मांडव गहिवरला. केवढी ही गुणग्राहकता! राहिलेल्या सगळ्यांचा सत्कार करायचा ठरलं. आचाऱ्याचा झाला, पाणी वाटणाऱ्याचा झाला.

एकोणचाळिसाव्या सत्काराला साळूबाई वर आली.

काट्यांत शाली अडकल्या होत्या. लाल, हिरव्या, जरीच्या. पाठीवर कुठेतरी एक रताळं होतं. ती मांडवात उभी राहून धापा टाकत होती, आणि सगळे जरा नाराज झाले. कारण 'खड्ड्यातील आवाज' हे समारोपाचं सत्र अजून व्हायचं होतं.

"साळूबाई," मैनाताई म्हणाल्या, "अर्धा तास परत आत बसाल का? मग दोन शब्द बोला."

"बाजूला व्हा," साळूबाई म्हणाली. हे तिचे दोन शब्द.

ती धावत सुटली. ओढा ओलांडला. बिळाशी आली तर आतून रडण्याचा आवाज नाही.  

बिळाच्या तोंडाशी शेजारची घूस बसली होती. म्हातारी, मळकट. तिच्या नाकात चार बारीक काटे रुतले होते. तिच्या कुशीत दोन्ही पिल्लं पोट भरून झोपली होती.

"आलीस होय?" घूस कुजबुजली. "कालपासून कंदमुळं भरवतेय. खातात चांगली, पण टोचतात फार गं."

 साळूबाई तिथेच खाली बसली. म्हणाली, "मावशी, तुम्ही परिषदेला नव्हता आलात?"

"कसल्या?"

"माणुसकीच्या."

"मला कोण बोलावतंय?" घूस म्हणाली. "आणि बोलावलं असतं तरी कसं येणार? पोरं रडत होती ना."

साळूबाईने पाठीवरचं रताळं काढून तिच्यापुढे ठेवलं.

इकडे मांडवात अहवाल लिहिला गेला. परिषदेने एका भगिनीला खड्ड्यातून वर आणलं, असं त्यात होतं. ते खोटं म्हणता येणार नाही. जोडवेलीवरून सातही जंगलांत बातमी गेली, सगळीकडून अभिनंदन आलं, आणि पुढच्या वर्षीचा ठराव एकमताने मंजूर झाला. खड्डे पाच खणायचे.

तात्पर्य: खड्ड्यात पडलेल्याला हात देऊ नये, त्याचा सत्कार करावा. पुरेसे सत्कार झाले की तो आपोआप वर येतो. तोवर त्याच्या पोरांना कोण बघणार, हे काम मात्र ज्यांना आमंत्रण नाही त्यांच्यावर सोपवावं. त्यांना माणुसकीतलं काही कळत नसल्यामुळे ते तेवढं करून टाकतात.