चरकावर मोजलेली फटफटी

नाथाजीची बायको शालूबाई दिवाळीला माहेरी गेली ती परत यायला तयार नव्हती. सासूशी तिचे बिनसले नव्हते, नवऱ्याशीही नव्हते. तिचे भांडण फटफटीशी होते.

लढाईत नाथाजी पलटणीचे टपाल फटफटीवरून पोचवीत असे. लढाई संपल्यावर लष्कराने जुनी वाहने लिलावात काढली, तेव्हा तसलीच एक फटफटी त्याने घेतली आणि कृष्णाकाठच्या आपल्या गावात आणून उभी केली. त्याच्या आईने, रंगूबाईने, तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. पण शालूबाईचे माहेर औंधाच्या बाजूला, आणि मध्ये एक मोठी खिंड. दिवाळीला बायकोला नव्या लुगड्यात मागे बसवून तो निघाला, आणि खिंडीच्या ऐन चढावर फटफटीने मान टाकली. शालूबाईला उतरावे लागले. नुसते उतरून भागेना, ढकलावेही लागले. तेवढ्यात मागून प्रवासी मोटार आली. आतल्या लोकांनी माना बाहेर काढून तो सोहळा डोळे भरून पाहिला. त्यांत तिच्या माहेरचा कासार होता, त्यामुळे ती घरी पोचण्याआधीच बातमी पोचली होती.

उंबऱ्यातच तिने नवऱ्याला सांगून टाकले, "खिंडीत मला न उतरवता न्यायची ताकद हिच्यात आली की या. तवर मी हितंच बरी."

सासरे लालासाहेब शांत माणूस. त्यांनी जावयाला बाजूला नेऊन मुदत घालून दिली. पौषात यमाईची जत्रा असते, तोवर वाट बघू, नाहीतर आपण स्वतः लेकीला बैलगाडीतून पोचवू, असे ते म्हणाले. बोलणे गोडच होते. पण पलटणीचे टपाल नेणाऱ्या माणसाची बायको बापाच्या बैलगाडीतून सगळ्या गावादेखत वेशीतून आत येणार, हे चित्र नाथाजीच्या डोळ्यांपुढून हलेना. जत्रेआधी फटफटीची ताकद वाढवायचीच, असे त्याने ठरवले.

आता ताकद वाढवायची तर आधी ती मोजता आली पाहिजे. लष्कराच्या वर्कशॉपात त्यासाठी एक यंत्र होते. फटफटीचे मागचे चाक लोखंडी रुळावर ठेवायचे, तिला जागच्या जागी पळवायचे आणि रुळाला हळूहळू ब्रेक लावत जायचे. इंजिन किती ओझे ओढते ते काटा दाखवी. मग इंजिनात काही दुरुस्ती करायची आणि पुन्हा मोजायचे. नाथाजीने हे दारातून पाहिले होते. असले यंत्र साताऱ्यापासून सांगलीपर्यंत कुठेही मिळणार नाही, हे दुःख त्याने चुलत्याजवळ, तात्याबाजवळ, बोलून दाखवले.

तात्याबाने शांतपणे तंबाखू मळली. "आमी बैल घेताना काटा बघतो व्हय रं? चरकाला जुपतो. वढला तर बैल, न्हाईतर माघारी."

तात्याबाचे गुऱ्हाळ नुकतेच सुरू झाले होते आणि ऊस पिळणारा चरक ओढणाऱ्या दोन बैलजोड्यांपैकी एकीतल्या बैलाचा खांदा सुजला होता. ही गोष्ट मात्र त्याच्या बोलण्यात आली नाही.

नाथाजीला कल्पना पटली. ओझे ते ओझेच, ब्रेकचे काय आणि उसाचे काय. अर्जुना सुताराने चरकावर बैल जुंपायच्या लांब लाकडाच्या, लाटेच्या, जागी गाडीचे जुने चाक आडवे बसवून दिले. फटफटी खुंट्या ठोकून जखडली, मागच्या चाकाचा टायर काढला आणि रिमेवरून चरकाच्या चाकावर मोटेचा नाडा ताणून घेतला. चरकात एकदम किती ऊस घातले की इंजिन बंद पडते, ते बघायचे. हाच काटा.

पहिल्या दिवशी निम्मे गाव जमले. नाथाजीने किक मारली, चरक फिरू लागला, तात्याबाने दोन ऊस आत सारले आणि इंजिन घुसमटून गप्प झाले. बैलांची जोडी एका वेळी तीन ऊस घेत असे. लोक पांगू लागले. तात्याबानेच पुतण्याच्या पाठीवर हात ठेवला. "नवी हाय. खांदा पडायचाय अजून तिचा."

नाथाजीने जिद्दीने काम हाती घेतले. त्याने झडपा घासून बसवल्या, ठिणगी जरा आधी पडेल अशी केली, पेट्रोल जास्त यावे म्हणून त्याची बारीक वाट सुईने रुंद केली. प्रत्येक दुरुस्तीनंतर चरकावर मोजणी होई. सायलेन्सर काढल्यावर तिसरा ऊस गेला. त्याच आवाजाने तात्याबाची उरलेली बैलजोडी दावी तोडून नदीपार गेली, पण आता तिची तशी गरजही नव्हती.

मग उष्णतेची अडचण आली. फटफटी रस्त्यावर पळते तेव्हा वारा तिला गार करतो. खुंट्याला बांधलेल्या फटफटीला वारा कोण घालणार? शेवटी शेजारच्या तानुबाई आणि बनुबाई या दोघी सुपे घेऊन दोन बाजूंना बसल्या आणि त्यांनी दिवसभर इंजिन पाखडले. पाखडता पाखडता त्या गावातल्या एकेकाचे इतके बारीक परीक्षण करीत, की नाथाजीला इंजिनाचा आवाज ऐकू येईनासा होई.

तोवर रामगोंडा पाटलाने आपल्या मळ्यातल्या जाड, मऊ पुंड्या उसाची गाडी आणली. त्याचे पाच ऊस एकदम गेले. गावात वाद पेटला. ही वाढ फटफटीच्या ताकदीची की उसाच्या मऊपणाची? लष्करात शिस्त शिकलेल्या नाथाजीलाही शंका रास्त वाटली. तो म्हणाला, एकाच्या उसावर मोजणे खरे नाही, सगळ्यांच्या उसावर मोजले पाहिजे.

हे वाक्य त्याने उच्चारायला नको होते. दुसऱ्या दिवशी सकाळी गुऱ्हाळापुढे उसाच्या गाड्यांची रांग लागली. जो तो फटफटीची काळजी करू लागला. तिची खरी परीक्षा आपल्याच उसावर होईल, बाकीच्यांचा ऊस भुसभुशीत आहे, असे प्रत्येकाचे म्हणणे. पेट्रोल रेशनवर, म्हणून तापलेल्या इंजिनात रॉकेल घालायचे ठरले आणि लोकांनी ते आपापल्या घरून आणून दिले. घरोघरी कंदील कोरडे पडले. दिवेलागणीला अख्खा गाव गुऱ्हाळाच्या चुलवाणाच्या उजेडात बसू लागला. काहिलीत रस उकळत होता, गुळाच्या ढेपा रचल्या जात होत्या, आणि मोजणी काही संपत नव्हती.

रंगूबाई एकदा भाकरी घेऊन आली. लेकाकडे बराच वेळ बघून तिने विचारले, "नाथा, सून आणायसाठी चाललंय न्हवं हे?"

"व्हय आई. थोडी ताकद कमी पडतीया."

ती खरेच कमी पडत होती. काही केल्या सहावा ऊस जाईना. जत्रा चार दिवसांवर आली, तेव्हा नाथाजीला जालीम उपाय सुचला. मागच्या चाकाचे दातेरी चक्र मोठे बसवले की इंजिनावरचे ओझे हलके होते. तो सांगलीला गेला आणि भंगारवाल्याकडून चांगले परातीएवढे चक्र घेऊन आला. मोबदल्यात आपले जुने चक्र त्याने तिथेच देऊन टाकले. नवे चक्र अर्जुनाने ठोकून बसवले.

त्या दिवशी तात्याबाने मूठ भरून ऊस घातला. इंजिन कुंथलेसुद्धा नाही. मग दोन्ही मुठी भरून घातला. चरक करकरला, नाडा ताठ झाला, रसाचा लोट पडला आणि इंजिन आपल्याच नादात चालू राहिले. गावाने नाथाजीला खांद्यावर घेतले. चरक पूर्वीपेक्षा सावकाश फिरतो आहे, हे त्या आनंदात कुणाच्या लक्षात आले नाही. आले असते तरी तक्रार झाली नसती. बैलांपेक्षा तो जलदच होता.

जत्रेच्या दिवशी पहाटे नाथाजीने नाडा सोडला, टायर चढवला आणि रांगेतल्या गाडीवानांचा निरोप घेतला. ते नाराज होते. सासुरवाडी कुठे पळून जात नाही, पण ऊस वाळतो, असे तात्याबाने समजावून पाहिले. नाथाजीने ऐकले नाही. फटफटी गर्जना करीत वेशीबाहेर पडली.

सपाट रस्त्याला लागल्यावर त्याने मूठ पिळली. आवाज वाढला. आणखी पिळली, आवाज आणखी वाढला. रस्त्याकडेची बाभळ मात्र होती तिथेच रेंगाळत होती. थोड्या वेळाने मागून सायकलची घंटा वाजली. कापडाचे गठ्ठे बांधून आठवड्याच्या बाजाराला निघालेला धनपाल शेजारून चालला होता.

"बिघडली काय, नाथाजी?"

"न्हाई. ताकद वाढलीया."

"असं का," म्हणून धनपाल पुढे निघून गेला.

तेव्हा कुठे नाथाजीच्या डोक्यात प्रकाश पडला. खुंट्याला बांधलेल्या फटफटीला कुठेच पोचायचे नव्हते, म्हणून तिचा वेग कुणी विचारलाच नव्हता. मोठ्या चक्राने ओढायला दिले आणि पळायचे काढून घेतले. माघारी वळावे तर जुने चक्र सांगलीच्या भंगारात. तो तसाच पुढे गेला. सासुरवाडीला पोचला तेव्हा जत्रेला गेलेली माणसे पालखी बघून परतली होती.

लालासाहेबांनी फटफटीला दुरून नमस्कार केला. शालूबाईने काही न विचारता गाठोडे बांधले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मागे जाऊन बसली.

खिंड सुरू झाली. फटफटी चढली. ठेचकाळली नाही, कुरकुरली नाही, मान टाकली नाही. बैल चढतो त्या चालीने ती चढत राहिली. लेकीला खिंडीपर्यंत पोचवायला आलेले लालासाहेब शेजारून चालत होते आणि जावयाशी पाऊसपाण्याचे बोलत होते. जत्रेहून परतणाऱ्या बायकांनी मागून येऊन फटफटीला गाठले, त्यांनी शालूबाईला प्रसादाचे खोबरे दिले, चार गोष्टी केल्या आणि पुढे निघून गेल्या. मध्यावर लालासाहेबही रामराम करून माघारी वळले. नाथाजीच्या कानशिलांना घाम सुटला होता. मागे वळणावर प्रवासी मोटारीचा भोंगा ऐकला आणि त्याचा धीर सुटला.

"ए, जरा उतरतीस का? म्हंजी बिघडल्यावानी तरी दिसंल."

"न्हाई," शालूबाई म्हणाली.

मोटार घरघरत शेजारून गेली. माना बाहेर आल्या. शालूबाईने पदर सारखा केला आणि त्या सगळ्यांना नीट बघू दिले.

मोटारीची धूळ खाली बसल्यावर नाथाजीने सगळे कबूल केले. चरक, सूप, रॉकेल, परातीएवढे चक्र, सांगलीचा भंगारवाला, काही लपवले नाही. ती मध्ये मध्ये हसत होती, मध्येच पुढचे विचारत होती. लग्न झाल्यावर महिन्यातच तो लढाईवर गेला होता, आणि परत आल्यावर दिवसा घरात थोरल्या माणसांसमोर दोघांना धड बोलताही येत नसे. खिंडीच्या माथ्यावर पोचेपर्यंत त्याचे सांगून झाले. खाली कृष्णेचे पात्र आणि उसाचे पट्टे दिसू लागले.

"उद्याच सांगलीला जातो," तो म्हणाला. "जुनं चक्र अजून तितंच आसंल. बसवलं की दुपारच्या आत म्हायेर गाठशील."

 शालूबाईने मागून हात लांबवून खोबऱ्याचा एक तुकडा त्याच्या हातात दिला.

"ऱ्हाऊ द्या हेच," ती म्हणाली. "मला कुठं लवकर पोचायचंय?"

नाथाजीने मूठ थोडी सैल सोडली.