भांडणाला सोबत

किसनभाऊ कोणाच्याही भांडणाला सोबत जायचे. अडवायला नाही, सोबत. नेरजवळच्या आमच्या गावात पोरं चिडून कुठं निघाली, की हे चपला शोधत बाहेर यायचे. "थांबा ना बे, मी बी येतो." मग सगळ्यांच्या पुढे चालायचे, इतकं सावकाश की मागची पोरं एकमेकांच्या टाचांवर पाय द्यायची.

नोकरीत ते एसटीचे ड्रायव्हर. गाडी कधी उशिरा नेली नाही. निवृत्तीनंतर गावच्या शांतता समितीत आले आणि नाल्याच्या अलीकडच्या-पलीकडच्या दोन्ही वस्त्यांतल्या पोरांची नावं टोपीत टाकून व्हॉलीबॉलचे संघ पाडू लागले. "मी त्याच्यासंगं नाही खेळत," असं कोणी म्हटलं की म्हणत, "नको खेळू. नेट धरून उभा राय."

त्यांना जाऊन चार महिने झाले. हे लिहायला मला तेवढा वेळ लागला.

गेल्या उन्हाळ्यात मोबाईलवर एक फोटो फिरला. पलीकडच्या वस्तीत आपला झेंडा फाडला म्हणे. वीस-पंचवीस पोरं काठ्या घेऊन चौकात जमली. किसनभाऊ निघाले. मी शाळामास्तर, भीत भीत मागे.

पानठेल्यावर ते थांबले. पुढे एका म्हातारीची विचारपूस केली, "गुडघा कसा हाय वो माय?" सर्वांत तापलेला आकाश म्हणाला, "भाऊ, असं तं संध्याकाळ होऊन जाईन."

"मंग? झेंडा काय पळून चालला?"

दोघं-तिघं हसले. एकाला आईनं हाक मारून घरी नेलं. हापशीवर सगळे पाणी प्यायले; अर्ध्या काठ्या तिथंच राहिल्या.

पोचलो तर झेंडा वाऱ्यानं उडून बाभळीत अडकलेला. आकाशच्याच संघातला रशीद शिडीवर चढून तो काट्यांतून सोडवत होता. फोटो त्याचाच काढला होता कोणीतरी.

"आकाश, शिडी धर ना बे. हालून राह्यली," तो वरून म्हणाला.

आकाशनं काठी टाकली आणि शिडी धरली.

परतताना आम्ही दोघं पुलाच्या कठड्यावर टेकलो. मी थट्टेनं म्हटलं, "भाऊ, एवढं हळू चालणं तुम्हाला जमतं कसं?"

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"माया लहाना भाऊ असाच भांडणाले निघालता, गुरुजी. पायी पायी. म्या सायकल काढली, डबलशीट नेलं त्याले. लवकर पोचलो आम्ही." हातातल्या टोपीची त्यांनी नीट घडी घातली. "येतानी मांगचं कॅरेज रिकामं होतं."