कदम सरांची मोकळी ओळ

कदम सरांना त्यांच्याच मंडळानं नापास केलं. आयर्लंडातल्या ल्यूकन गावच्या हॉलमध्ये, त्यांनीच आणलेल्या शालीसमोर. एकही हात वर आला नाही. सर स्वतःच म्हणाले, "बरोबर आहे. नियम म्हणजे नियम."

ल्यूकन शिक्षक गौरव मंडळ काढलं सरांनीच. मुलांकडे राहायला आलेले आम्ही म्हातारे, त्यातले पाच निवृत्त शिक्षक सभासद. मी चौथी पास, म्हणून माझ्याकडे चहा. मंडळाला तीन वर्षं झाली आणि मंडळाच्या इतिहासाची तिसरी वही चालू आहे. दर सभेला सर तो उभ्यानं वाचतात. आम्ही बसून झोपतो.

दरवर्षी एका शिक्षकाचा गौरव होतो. त्याचा एक विद्यार्थी समक्ष येऊन काय शिकला ते सांगतो, तरच हात वर होतात. नेनेबाईंचा विद्यार्थी इथल्या इस्पितळात डॉक्टर. ड्यूटी संपवून तसाच आला. गेल्या वर्षी कामत गुरुजींनी त्यांचा विद्यार्थी फोनवर दाखवला. सरांनी फोन पालथा घातला. "समक्ष म्हणजे समक्ष." कामत सहा महिने त्यांच्याशी बोलले नाहीत.

यंदा पाळी सरांची. साताऱ्याकडे जन्मभर शिकवलं, पण आयर्लंडात त्यांचा एकही विद्यार्थी नाही.

कामत म्हणाले, "फोन लावायचा का, सर?"

सगळे हसले. सरही हसले आणि शालीची घडी घालायला लागले. घडी काही जमेना.

कप ठेवताना मला वही दिसली. आजचं पान आधीच लिहून तयार होतं. फक्त 'विद्यार्थी' या शब्दापुढं जागा मोकळी. तिथं खोडून खोडून कागद पातळ झाला होता.

मी म्हटलं, "मी आहे की. मी डेपोला निघालेल्या बसला हात करायचे आणि थांबत नाही म्हणून ड्रायव्हरला शिव्या घालायचे. सरांनी मला इंग्रजी अक्षरं शिकवली. आता पाटी वाचते, मग शिव्या घालते."

सर म्हणाले, "सांगणं पुरे नाही. परीक्षा होईल."

त्यांनी बिस्किटांचा डबा पुढं केला. मी वाचलं. एक अक्षर चुकलं, अर्धा गुण कापला. मग डबा उलटा करून मागची बारीक अक्षरंही वाचायला लावली, सगळी. चहा गार झाला तरी सरांचं पोट भरेना.

पहिला हात कामतांनी वर केला.

त्या ओळीत आता लिहिलंय: तानूबाई शिंदे, वय त्र्याहत्तर, समक्ष हजर.

ती मी.