अ‍ॅमस्टेलव्हीनचे बॅबिलोनी कदम

आमच्या वरच्या मजल्यावरचे कदमकाका रोज संध्याकाळी साडेसहाला बाल्कनीत येतात, मान वर करून आकाश बघतात आणि वहीत लिहितात, ‘ढग. पाहिले नाही.’ मग आत जाऊन चहा घेतात. नेदरलँड्समध्ये आकाश बघायची हौस बाळगणाऱ्या माणसाच्या नशिबी दुसरं काय येणार? उन्हाळ्यात इथे सूर्य मावळायचं नाव घेत नाही, तेव्हा ते लिहितात, ‘सूर्य अजून गेलेला नाही.’ पण वहीत खाडा नाही.

ही वही मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला चांगलाच राग आला होता. त्या दिवसाची नोंद अशी होती: ‘ढग. पाहिले नाही. कालवा दोन बोटे वर. कांदे बरे, लसूण भिकार. बगळा पार्किंगमध्ये शिरला. खालच्या मजल्यावर भांडण.’

खालच्या मजल्यावर आम्ही राहतो.

“काका, हे कशाला लिहिलंत?” मी विचारलं.

“मेघना, बॅबिलोनचे लोक असंच लिहायचे,” काका शांतपणे म्हणाले. “ओल्या मातीच्या वडीवर, बोरूच्या टोकाने. आकाशात काय दिसलं, नदीला पाणी किती, बाजारात काय चाललंय, गावात काय घडलं. ढग असले तर ढग म्हणून लिहायचे, थापा नाही मारायचे. शेकडो वर्षं लिहीत होते लेकाचे.”

“पण आमच्या भांडणाचा आकाशाशी काय संबंध?”

“ते आत्ता कसं कळणार? शंभरेक वर्षांच्या नोंदी झाल्या की बघू. मी मानत नाही, मी नोंदवतो.”

हे त्यांचं पालुपद. दिवसातून चार वेळा तरी ऐकायला मिळतं.

काका मूळचे पुण्याचे, हडपसरचे. रॉटरडॅमच्या बंदरासाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या एका कंपनीत टेस्टर आहेत. दुसऱ्यांनी केलेल्या कामातली चूक शोधायची आणि तिला नंबर देऊन ठेवायचा, यातच त्यांची तीस वर्षं गेली. अशा माणसाच्या हाती बॅबिलोन लागलं ते मात्र त्यांच्याच चुकीमुळे. रॉटरडॅमहून घरी येताना वाटेत लायडनला ते डच भाषेच्या वर्गाला जात. एका संध्याकाळी खोली चुकली. समोर एक बाई मातीच्या वड्यांची चित्रं दाखवत डचमध्ये बोलत होत्या. काकांना वाटलं, आपला वर्ग वरच्या पातळीवर गेलेला दिसतोय. मध्येच उठणं बरं दिसत नाही, म्हणून दोन तास बसले. शेवटी प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा बाईंनी नेमकं यांच्याकडेच बघितलं. काकांनी इंग्रजीत विचारलं, “परीक्षेला यातलं किती येईल?”

सगळा वर्ग हसला, पण त्या बाई भल्या. त्यांनी वर्ग संपल्यावर काकांना बसवून इंग्रजीत सगळं समजावलं. काकांचं डच तिथेच थांबलं आणि बॅबिलोन सुरू झालं.

तेव्हापासून आमच्या ओळखीतल्या प्रत्येकाला एकेक ग्रह मिळालेला आहे. गुरू म्हणजे मार्दुक, देवांचा राजा. बुध म्हणजे नाबू, लिहिणाऱ्यांचा देव, हे खातं काकांनी स्वतःकडे ठेवलं. मंगळ म्हणजे नेर्गाल, रोगराई आणि लढायांचा मालक. तो त्यांनी ऑफिसातल्या साहेबाला देऊन टाकला. “आज नेर्गालबरोबर मीटिंग आहे,” असं ते लिफ्टमध्ये सांगतात आणि लिफ्टमधले इतर लोक नम्रपणे मान हलवतात. माझ्या नवऱ्याला शनी मिळाला, कारण तो सगळ्यात सावकाश चालतो. मला काय दिलंय ते मी विचारलेलं नाही.

आमच्या नव्या घराच्या पूजेत तर त्यांनी कहर केला. आमचे गुरुजी सोमवार ते शुक्रवार बँकेत डेटा बघतात आणि शनिवार-रविवार सोवळं नेसतात. नवग्रहांच्या सुपाऱ्या मांडून ते शुक्राचं आवाहन करत होते. मागून काका म्हणाले, “गुरुजी, थांबा. ती बाई आहे.”

“कोण बाई आहे?” गुरुजींनी दचकून दाराकडे पाहिलं.

“शुक्र. इश्तार देवी. प्रेमाची आणि युद्धाची, दोन्ही खाती तिच्याकडे. आणि तो चंद्र सूर्याच्या आधी मांडा.”

“का?”

“बाप आहे तो सूर्याचा.”

गुरुजी तसे समजूतदार. पण डेटावाला माणूस, पुराव्याशिवाय हटेना. “कुठे लिहिलंय?” इथून सुरू झालेला वाद प्रसादाचा शिरा गार होईपर्यंत चालला. शेवटी शैलाकाकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “अहो बॅबिलोनकर, घर मेघनाचं आहे, पूजा मेघनाची आहे आणि भूक आम्हाला लागलेली आहे.” काका तत्काळ मुकाट झाले. बॅबिलोनच्या सगळ्या देवांपुढे ताठ मानेने उभा राहणारा हा माणूस काकूंच्या एका वाक्यात खाली बसतो.

शैलाकाकूंची ओळख करून द्यायलाच हवी. वीस वर्षांपूर्वी त्या नवऱ्याच्या व्हिसावर इथे आल्या आणि पहिल्याच महिन्यात त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. जगातले सगळ्यात उंच लोक राहतात त्या देशातल्या दुकानांत आपल्या माणसांच्या मापाची पँट मिळत नाही. मग त्यांनी खिडकीजवळ शिलाई मशीन मांडलं. अ‍ॅमस्टेलव्हीनमधल्या निम्म्या भारतीयांचे पाय काकूंनी मोजलेले आहेत. आता डच गिऱ्हाइकंही येतात, चेन बदलायला, कंबर सैल करायला. काकू गळ्यात टेप अडकवून, नाकावर चष्मा ठेवून दिवसभर मशीनवर असतात, आणि फोन आला की मान न उचलता म्हणतात, “शैला कदम.” त्या खुर्चीत दुसऱ्या कुणी बसलेलं त्यांना चालत नाही.

मागच्या उन्हाळ्यात काकूंना जिना चढताना दम लागायला लागला. आमच्या हाउसआर्त्स, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टर, कशालाही पॅरासिटामॉल देऊन घरी पाठवतात. त्यांनी काकूंच्या छातीला नळी लावली आणि पॅरासिटामॉलचं नावही न काढता मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी दिली. हृदयाची एक झडप निकामी झाली होती. ऑपरेशन करून नवी बसवायची, असं ठरलं.

काकू हसत होत्या. “जुनी चेन बदलायची, एवढंच,” म्हणाल्या. पण काकांच्या वहीतून कांदे-लसूण गेले, बगळा गेला, आमची भांडणंही गेली. मी एकदा चोरून पाहिलं. आकाश, कालवा, आणि त्याखाली: ‘शैला आठ पायऱ्या चढून थांबली.’ दुसऱ्या दिवशी सात.

ऑपरेशन मंगळवारी ठरलं आणि त्याआधीच्या रविवारी संध्याकाळी चंद्रग्रहण आलं.

आता बॅबिलोनात चंद्रग्रहण म्हणजे राजाच्या जिवाला धोका. पण त्याला एक सोडवणूक होती. ग्रहण चालू असताना आकाशात गुरू दिसला, तर राजा वाचला. मार्दुक स्वतः पहाऱ्याला उभा आहे असा त्याचा अर्थ. हे सगळं काकांनी मला रविवारी बाल्कनीत उभं राहून सांगितलं. वर ढगांचं घोंगडं. चंद्र नाही, गुरू नाही, साधं विमानसुद्धा दिसेना.

“काका, फोनवर अ‍ॅप असतं की,” मी म्हटलं. “त्यात बघा ना गुरू कुठे आहे ते.”

“अ‍ॅपमध्ये दिसणं म्हणजे दिसणं नव्हे. डोळ्यांनी बघायचं असतं. इथून दिसत नसेल तर दुसऱ्या गावाला विचारायचं, बॅबिलोनातही तसंच करायचे.” त्यांनी लगेच रॉटरडॅमच्या सागरला फोन लावला. हा त्यांच्याच टीममधला तरुण मुलगा.

“सागर, ग्रहण दिसतंय का?”

“मस्त दिसतंय काका! लालभडक. फोटो पाठवू?”

“फोटो नको. शेजारी कुणी आहे का ते नीट बघून सांग.”

“आहे ना. बायको आहे.”

“अरे चंद्राच्या शेजारी! आसपास. मोठा, पिवळसर, न लुकलुकणारा.”

“थांबा हं,” सागर म्हणाला. मग थोड्या वेळाने म्हणाला, “गेलं काका. इथेही ढग आले.”

काकांनी फोन ठेवला. ग्रहण दिसल्याची साक्ष मिळाली होती, गुरूची मिळाली नव्हती. मी हसत होते, आणि ते हसत नाहीत हे माझ्या उशिरा लक्षात आलं. त्या एका दिवशी मात्र त्यांनी वहीत काही लिहिलं नाही.

मंगळवारी सकाळी ते काकूंना हॉस्पिटलात सोडून आले. इथे नातेवाइकांनी ऑपरेशनच्या दाराशी ताटकळत बसायची पद्धत नाही. झालं की फोन करतो, घरी जा, असं सांगतात. एकट्या माणसाला घरी सोडवेना, म्हणून मी ऑफिसला सुट्टी टाकली, डब्यात पोहे भरले आणि वर गेले. दार उघडंच होतं.

खिडकीजवळ, काकूंच्या खुर्चीत कदमकाका बसले होते. अंगात काकूंचा मोरपिशी स्वेटर, बाह्या कोपरापर्यंत आलेल्या. गळ्यात टेप. नाकावर काकूंचा चष्मा. आणि मशीनच्या सुईखाली कुणाचीतरी निळी पँट. काकांना धड बटणही लावता येत नाही. टीप बांधावरून चालल्यासारखी वाकडीतिकडी गेली होती.

तेवढ्यात फोन वाजला. काकांनी मान न उचलता तो घेतला आणि म्हणाले, “शैला कदम.” पलीकडे कुणी गिऱ्हाईक होतं. “उद्या या,” म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मला वाटलं, काळजीने डोकं फिरलं. “काका, काय चाललंय हे?”

“काका नाही. काकू म्हण. फोन येईपर्यंत.”

मी डबा घट्ट धरून समोर बसले. मग त्यांनी पायडल थांबवून सगळं सांगितलं. राजावर असं संकट आलं की बॅबिलोनात बदली राजा बसवायचे. त्याला राजाचे कपडे, राजाचं सिंहासन, राजाचं नाव. काम राजाचं करायचं, मुजरे राजाचे घ्यायचे. म्हणजे वरून जे काही यायचं ते पत्ता बघून त्याच्याकडे येणार. आणि खऱ्या राजाला तेवढे दिवस राजा म्हणायचं नाही. त्याला शेतकरी म्हणायचं.

“म्हणून सकाळी हॉस्पिटलात मी तिला म्हटलं, शेतकरीबुवा, घाबरू नका.”

“मग काकू काय म्हणाल्या?”

“नर्सला म्हणाली, आधी यांना तपासा.”

मला हसू फुटलं. तेही हसले, चष्म्याच्या वरून बघत, अगदी काकूंसारखे. हसता हसता मी सहज विचारलं, “आणि सगळं पार पडल्यावर त्या बदली राजाचं काय करायचे? बक्षीस वगैरे द्यायचे का?”

काकांनी सुईत दोरा ओवायला घेतला. तीनदा चुकला. चौथ्यांदा गेला.

“मारायचे त्याला,” ते म्हणाले. “त्याशिवाय पुरं होत नाही.”

तीस वर्षं चुका शोधत आलेला, कशावरही विश्वास न ठेवणारा हा माणूस सगळं नीट वाचून, समजून त्या खुर्चीत बसला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलं नाही. त्यांनी मशीन पुन्हा चालू केलं. पोहे तसेच राहिले. दुपारभर आम्ही दोघं बसून होतो आणि ती पँट काही केल्या संपत नव्हती.

तीनच्या सुमाराला फोन वाजला. या वेळी काकांचा हात मशीनच्या चाकावरच राहिला. चार घंटा झाल्या तेव्हा त्यांनी फोन उचलला, स्पीकर लावला आणि म्हणाले, “शैला कदम.”

पलीकडची नर्स गोंधळली. “नाही नाही,” ती इंग्रजीत म्हणाली, “शैला कदम इथे आमच्याकडे आहेत. आत्ताच जाग आली त्यांना. ऑपरेशन छान झालं. तुम्ही कोण बोलताय?”

काकांनी नाकावरचा चष्मा काढला.

“मी तिचा नवरा,” ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून हलकेच म्हणाले, “ती आलीय. उठतो मी आता.”

आणि ते खुर्चीतून उठले.