वसतिगृहाची वाढ

जामखेड तालुक्यातल्या आमच्या गावात एक संस्था हंगामी वसतिगृह चालवते. आईबाप ऊसतोडीला गेले, तरी लेकरांची शाळा सुटू नये, एवढाच हेतू. पुढे संस्थेने बंधारा बांधला, विहिरींना पाणी टिकलं आणि गेल्या साली बहुतेकांनी गाव सोडलंच नाही. हरिनाम सप्ताहात कीर्तनकार बुवांच्या मागे टाळकऱ्यांना उभं राहायला जागा पुरेना. अभंग असा चढला, की मांडवाचं कापड हललं. वसतिगृहात मात्र तीन मुलं उरली. ही गंभीर बाब देणगीदारांचे वृद्धिमापन अधिकारी हर्षल यांच्या निदर्शनास आली.

"ताई, लाभार्थी घटलेत," ते संस्थेच्या सत्यशीलाताईंना म्हणाले.

"अहो, गरजच घटली!"

"गरजेचा रकाना नाही. वाढ दाखवा, नाहीतर मदत बंद."

ताई नाइलाजाने झुंबरबाईंकडे गेल्या. झुंबरबाई कित्येक वर्षांनी ऐन हंगामात घरी होत्या. लेक राजेश्वरी चुलीपाशी गरम भाकरी खात होती.

"राजेश्वरीला वसतिगृहात पाठवता का?"

"आन् मी काय करू? घरात बसून तिची आठवन काढू?"

"तसं नाही. नियमाने आईबाप बाहेरगावी हवेत. तुम्ही जरा... जाऊन या ना."

"कुटं?"

"उसाला."

झुंबरबाई हसायच्या थांबेनात. "अवो ताई, त्यापरीस उसाला नेनारा मुकादम बरा! त्यो निदान आमचं भलं करतोय म्हनत न्हाई."

हा अभिप्राय 'लाभार्थ्यांमध्ये जागृतीचा अभाव' या सदरात नोंदवण्यात आला. मग हर्षल साहेबांनी मुळापर्यंत अभ्यास केला. वाढ खुंटण्याचं कारण पाणी. सबब, वसतिगृह भरेपर्यंत बंधाऱ्यात पाणी अडवणारी दारं दरवर्षी बसवण्याचा खर्च स्थगित.

यंदा पाऊस चांगला झाला आणि सगळा वाहून गेला. दिवाळी सरताच झुंबरबाई ट्रकात चढल्या. राजेश्वरी वसतिगृहात आली, तिच्यामागे सगळ्या आळीतली लेकरं आली. खाटा कमी पडल्या. नव्या इमारतीची कोनशिला बसली. सप्ताहात बुवांच्या मागे दोन म्हातारे टाळकरी होते. बुवांनी चाल खाली उतरवून घेतली.

देणगीदारांना पाठवलेल्या अहवालाच्या मुखपृष्ठावर राजेश्वरीचा फोटो आहे. फोटोवाल्याने "हस" म्हटल्यावर तिने विचारलं होतं, "आई बगंल का ह्यो?"

आईने नाही पाहिला. तुम्ही पाहिलात. मदत पाठवण्याआधी तुम्हीच तर विचारलं होतं, "यंदा किती मुलं वाढली?"