साक्षीला अ‍ॅम्प्लिफायर

आमच्या शेजारचे दिनकर आबा गाणं लावण्याआधी घरातला फ्रीज बंद करतात. मग पंखा. मग भिंतीवरचं घड्याळ उतरवून त्यातला सेल काढतात. शालनताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, ऐकायला बसल्या असतील तर त्यांनी हात मांडीवरून हलवायचे नाहीत, कारण बांगड्या वाजतात. पाहुण्याला खोकायचं असेल तर त्यानं आधीच अंगणात जाऊन खोकून यायचं. एवढं झालं की आबा खिशातून मीटर काढतात, सॉकेटला लावून विजेचा दाब बघतात आणि जाहीर करतात, “दोनशे तीस हाय. बसा.”

तुम्ही दोघं फोनवर विचारता, “आजी, नवीन काय?” आणि मी म्हणते, “काही नाही.” ते खरं नसतं. माझ्या शेजारी आबा राहतात.

आबा इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात पॅनमन होते. पॅन म्हणजे उसाचा रस आटवायचं खोलीएवढं भांडं. आतल्या रसाचा थेंब काचेच्या पट्टीवर घ्यायचा, उजेडाला धरायचा आणि साखरेचा दाणा पडला की नाही ते ओळखायचं, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन बारामतीत आले, तरी दाणा काही सुटला नाही. फक्त तो आता ते आवाजात शोधतात. एखादी गायिका आवडली नाही की म्हणतात, “ही अजून काकवीच हाय.” आवडली की साखरेची प्रत सांगावी तसं, “एस-तीस! एकसारखा दाणा.” भाजीवाल्याच्या भोंग्याला ते मळी म्हणतात. मी उभा जन्म इंग्रजी शिकवलं, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत माझा आवाज पोचायचा. त्याला आबांनी एम-तीस ठरवलंय. “जाड दाणा हाय, बाई. पण स्वच्छ.” मी ती प्रशंसा समजते.

त्यांचा जुना अ‍ॅम्प्लिफायर त्यांनी स्वतःच जोडलेला होता. त्याला दोन खोडी होत्या. गाणं हळू असलं की त्याखालून सतत एक घूं ऐकू यायची, आणि मोठं झालं की आवाज फाटायचा. मधला तेवढा भाग चांगला होता. यंदा आबांनी ठरवलं, नवा घ्यायचा. पुण्यात तीन दुकानं पालथी घातली, दुकानदारांना त्यांचे पंखे बंद करायला लावले आणि शेवटी एक बारा किलोचा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन एसटीत बसले. तो डिकीत ठेवायला ते तयार नव्हते. गोधडीत गुंडाळून शेजारच्या सीटवर, खिडकीपाशी बसवला.

कंडक्टरनं विचारलं, “आबा, हे कोण?”

“पाहुणा हाय.”

“पाहुण्याचं तिकीट?”

“पाच वर्षांच्या आतला हाय. नवा कोरा.”

“मग मांडीवर घ्या.”

पुण्यापासून बारामतीपर्यंत बारा किलो मांडीवर. दुसऱ्या दिवशी आबांना जिना उतरता येत नव्हता, पण गोधडीला सुरकुतीसुद्धा पडली नव्हती.

आता हा अ‍ॅम्प्लिफायर कशासाठी, ते सांगते. आबा कुणालाही सांगतील की गाण्यासाठी. खरं कारण एक कॅसेट आहे.

लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी कारखान्याच्या कॉलनीत गणपतीत गाण्यांची स्पर्धा झाली. शालनताईंनी नाव दिलं. माहेरी कळंबला त्या भजनात गायच्या, आवाज चांगला होता. आबा पहिल्या रांगेत मांडीवर टेपरेकॉर्डर घेऊन बसले, शेजारी स्टोअरकीपर. शालनताईंचं पहिलं कडवं उत्तम झालं. दुसऱ्या कडव्याला शब्द विसरल्या. पेटीवाल्यानं ओळ दोनदा वाजवली, तरी आठवेनात. मग पहिल्या रांगेतून कुणीतरी हसलं आणि त्यामागून सगळा मांडव हसला. शालनताई खाली उतरल्या. त्यानंतर त्या गायल्या नाहीत. आरतीलासुद्धा नुसत्या टाळ्या वाजवतात.

पहिल्यांदा कोण हसलं, हा त्या घरातला वाद आहे. शालनताई म्हणतात, आबा. आबा म्हणतात, स्टोअरकीपर. स्टोअरकीपर वारले. कॅसेट आहे, पण जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर ते हसणं इतकं फाटायचं की माणूस हसतोय की पत्रा पडतोय हेही कळायचं नाही.

शालनताई भांडत नाहीत. फक्त आठवण करून देतात. आबा म्हणाले, “आज गप्प का?” की त्या म्हणणार, “बोलले तर हसाल.” हे मी स्वतः किती वेळा ऐकलंय, सांगता येणार नाही. आबा त्यावर म्हणणार, “मी हसलो न्हाय, न्हाय, न्हाय!” तीनदा. आणि मग पेचकस घेऊन बसणार.

नव्या अ‍ॅम्प्लिफायरला शालनताईंनी एका अटीवर परवानगी दिली. पहिल्याच दिवशी ती कॅसेट लावायची. निकाल बाई देतील. बाई म्हणजे मी. इतकी वर्षं पेपर तपासलेत, पक्षपात करणार नाही, असा त्यांचा विश्वास.

कॅसेट लावायच्या आदल्या संध्याकाळी आबा कुंपणापाशी आले. इकडंतिकडं बघून म्हणाले, “बाई, एक विचारू? मला खरं तर आठवतच न्हाय.”

“काय?”

“हसलो का न्हाय ते. इतकी वर्षं न्हाय न्हाय म्हणतोय, पण आठवत काहीच न्हाय. मीच असलो तर?”

“मग नवा अ‍ॅम्प्लिफायर कशाला आणलात?”

“कळायला नको का?” असं म्हणून ते आत गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला बोलावणं आलं. आबांनी दोन्ही स्पीकरपासून सुतळीनं मोजून जमिनीवर खडूनं फुली काढली होती, तिच्यावर माझी खुर्ची. फ्रीज बंद, पंखा बंद, घड्याळ उताणं. बारामतीतला एप्रिल तुम्हाला माहीत आहे. मी पदरानं वारा घ्यायला लागले, तर आबा म्हणाले, “बाई, पदर वाजतोय.”

अ‍ॅम्प्लिफायर आधी तापवावा लागतो म्हणे. “पॅन तापल्याबिगर दाणा पडत न्हाय.” म्हणून आबांनी एक भजन लावलं. मग सनई. मग नुसता तबला. आवाज खरोखर सुंदर होता. तबल्यावरची बोटं वेगळी मोजता यावीत इतका. आबा डोळे मिटून “दाणा बघा, दाणा!” म्हणत होते आणि चौथी कॅसेट शोधत होते.

शालनताई म्हणाल्या, “लावा आता. कशाला भ्यायलात?”

“भितोय कोण?”

“मग लावा की.”

आबांनी लावली. टेपवर खुर्च्या सरकल्या, एक मूल रडलं, कुणीतरी माईकवर फुंकर मारली. मग एक कोवळा, सरळ आवाज आला. माझ्यासमोर घाम पुसत बसलेल्या शालनताईंचा तो आवाज आहे, हे मला क्षणभर खरं वाटेना. पहिलं कडवं संपलं. आवाज थांबला. पेटीनं ओळ वाजवली. पुन्हा वाजवली.

इथे जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर नुसती घूं असायची. आता तिथे शांतता होती, आणि त्या शांततेत अगदी जवळून कुणीतरी कुजबुजलं, “ओंजळीत… अगं, ओंजळीत…”

आणि लगेच हसणं. मोठं, उंच चढलेलं, मध्येच गिळलेलं. असं हसणारा माणूस मला एकच माहीत आहे. मला निकाल द्यावाच लागला नाही. आबांनी टेप थांबवली.

“मीच,” ते म्हणाले. “मीच हाय तो. त्या बिचाऱ्या स्टोअरकीपरला उगीच…” त्या नव्या अ‍ॅम्प्लिफायरकडं त्यांनी असं बघितलं, जणू घरात आणलेल्या पाहुण्यानंच आपल्याविरुद्ध साक्ष दिली.

शालनताई म्हणाल्या, “मागं घ्या जरा.”

“ऐकलंस की. कबूल केलं मी.”

“हसलेलं न्हाय. त्याच्या आधीचं.”

आबांनी टेप मागं घेतली. पेटी वाजली, पुन्हा वाजली. “ओंजळीत… अगं, ओंजळीत…” आबांचं तोंड उघडंच राहिलं. इतकी वर्षं ते हसण्याची वाट बघत ऐकत आले होते. त्याआधी आपलंच काही असेल, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

“हे मी?” ते म्हणाले.

“तुमीच. दुसरं कोण मला अगं म्हणणार हाय?” शालनताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. “पुढचा शब्द ठावा होता, तर मोठ्यानं सांगायचा होता की!”

“सगळी कॉलनी बसलेली. साहेब बसलेले. आमचे आबा बसलेले.” हे त्यांचे वडील. “त्यांच्यादेखत बायकोला काय सांगू? लाज वाटली.”

“आणि हसायला लाज वाटली न्हाय?”

“ते घाबरून हसलो असंल.”

शालनताई म्हणाल्या, “बरं, आता सांगा. मोठ्यानं. आता काय, बाईच तेवढ्या हाईत.”

आबांनी माझ्याकडं बघितलं. मग अ‍ॅम्प्लिफायरकडं. मग पुन्हा माझ्याकडं. कान लाल झाले होते.

मी खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, “अगंबाई, मी गॅसवर दूध ठेवून आलेय.” आणि चपला पायात नीट न घालताच बाहेर पडले. गॅसवर काही नव्हतं.